निलंबन झालं. चौकशीचं काय?

(पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरचं कुणी कधी ना कधी दवाखान्यात ॲडमिट झालंय त्यांनी वेळ काढून वाचावी. म्हणजे तशी सगळ्यांनीच.)

दवाखान्यात मोठी दुर्घटना झाली की पुढचे आठ दिवस कसे जाणार, हे आता कुणीही सांगू शकेल. पहिल्या दिवशी सकाळी मुंबईहून शोक व्यक्त होतो आणि वारसांना पाच लाख जाहीर होतात. दुपारी पालकमंत्री येतात. ते यायच्या आधी फरशी फिनेलने पुसली जाते आणि बेडवर स्वच्छ चादरी येतात. संध्याकाळी समिती नेमल्याची घोषणा होते. दोन-चार दिवसांत निलंबन होतं. आठव्या दिवशी बातमी आतल्या पानावर जाते, आणि नंतर जातच नाही. समितीचा अहवाल आला का, आला तर त्यात काय होतं, त्यातलं काय अमलात आलं, हे विचारायला कुणी उरत नाही.

वीसेक वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करतोय. एवढ्या वर्षांत निलंबनाचे आदेश ढिगाने पाहिले. लोकांसमोर ठेवलेला चौकशी अहवाल शोधावा लागतो. आज त्यावरच लिहायचंय. आपल्याकडे निलंबन झालं की चौकशी झाली असं धरून चालतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, आणि ही गल्लत माणसांच्या जिवावर बेततेय.

२०२१ हे एकच वर्ष आठवा.

९ जानेवारीची पहाट. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कमी झाला आणि २२ रुग्ण त्याच दिवशी गेले. दोन दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत आग. ६ नोव्हेंबरला नगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविड आयसीयूत आग, ११ मृत्यू.

जानेवारी ते नोव्हेंबर. दहा महिने. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा असे आदेश निघाले होते. पण ऑडिट करणं वेगळं आणि ऑडिटमध्ये निघालेली त्रुटी दूर करणं वेगळं. पहिल्याला एक माणूस आणि एक फॉर्म लागतो. दुसऱ्याला पैसे लागतात, आणि पैशाची फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस बसते ते सरकारी कचेरीत एकदा तरी चक्कर मारलेल्या माणसाला सांगायला नको.

आता कारवाई कुणावर झाली ते बघा. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, आणखी काही जणांवर कारवाई झाली, आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. नगरला एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. त्या निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. ते कोर्ट ठरवेल. मी एवढंच म्हणतोय की साखळीतलं जे शेवटचं माणूस त्या रात्री त्या खोलीच्या जवळ होतं, तिथे आपली चौकशी थांबली.

‘कोण’ हा प्रश्न सोपा आहे. ड्युटी रजिस्टर उघडलं की उत्तर मिळतं. ‘का’ हा प्रश्न अवघड आहे, कारण तो वर चढत जातो. ठिणगी कुठल्या यंत्रातून उडाली? त्या यंत्राची देखभाल शेवटची कधी झाली? देखभालीचा ठेका कुणाकडे होता आणि त्याच्या कामावर सही कोण करत होतं? धूर झाल्यावर वाजणारी घंटा तिथे होती का? नसेल तर ती बसवायचा प्रस्ताव गेला होता का, आणि कुठे अडकला? एका नर्सवर एका रात्री किती बाळं होती? रिक्त पदं किती वर्षं रिक्त होती? हे प्रश्न एक एक पायरी चढत मंत्रालयापर्यंत जातात. म्हणून तर ते कुणाला विचारायचे नसतात. निलंबनाचा आदेश काढला की जिना तिथेच संपतो.

२०२३ च्या ऑक्टोबरची सुरुवात आठवते का? नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. दुसऱ्या दिवशी आकडा ३१ वर गेला. राज्यभर आपण काय पाहिलं? खासदारसाहेबांनी प्रभारी अधिष्ठात्यांना टॉयलेट साफ करायला लावल्याचा व्हिडिओ. दोन दिवस त्यावर चर्चा. अपमान योग्य की अयोग्य, याच्यावर आपण भांडलो. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली म्हणून सरकारला निदान उत्तर तरी द्यावं लागलं. पण औषधं होती की नव्हती, किती बाळं बाहेरून अखेरच्या अवस्थेत आली, किती तिथे आल्यावर बिघडली, मनुष्यबळ किती कमी होतं, हे मृत्यूवार, नावं झाकून, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत नांदेडच्या लोकांना कुणी बसून सांगितलं का? टॉयलेट साफ झालं. बाकीचं तसंच राहिलं.

आता जरा छोट्या गोष्टीकडे येतो. मोठ्या दुर्घटनेचं मूळ तिथेच असतं.

काही वर्षांपूर्वी एका सिस्टरांशी बोलणं झालं होतं. गाव, दवाखाना, काहीच सांगणार नाही. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रेवर दोन औषधांच्या काचेच्या ॲम्प्यूल शेजारी शेजारी ठेवल्या जायच्या. दिसायला जवळपास सारख्या. एक सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात द्यायचं भुलीचं औषध. दुसरं रक्तस्राव थांबवायचं, शिरेतून द्यायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. हे दुसरं औषध चुकून कण्यात गेलं तर बाईला झटके येतात, जीव जाऊ शकतो. एका दिवशी चुकीची ॲम्प्यूल फोडलीसुद्धा गेली होती. सिरिंजमध्ये भरताना सिस्टरांचं लेबलकडे लक्ष गेलं आणि त्या ओरडल्या. बाई वाचली. तिला कधी कळलंही नाही.

सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून दिलं की दोन्ही औषधं वेगवेगळ्या कपाटात ठेवावीत. उत्तर काय आलं? ‘घटनेच्या वेळी ट्रे लावण्याची जबाबदारी कुणाची होती, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.’ ट्रे त्यांनीच लावला होता. त्या मला म्हणाल्या, “दादा, त्यानंतर मी कधीच काही लिहून दिलं नाही. डोळे उघडे ठेवते आणि तोंड बंद.”

ही गोष्ट फक्त त्या एका दवाखान्याची नाही. याच दोन औषधांच्या अदलाबदलीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये जगभरातल्या देशांना इशारा दिला होता. अनेक ठिकाणी हे घडलं होतं, बायका मेल्या होत्या, तेव्हा कुठे लक्षात आलं. उपाय काय सांगितला? ही औषधं वेगवेगळी ठेवा, लेबल ठळक करा. म्हणजे सिस्टरांनी एका पानावर फुकट लिहून दिलं होतं तेच.

याला इंग्रजीत ‘निअर मिस’ म्हणतात. आपल्याकडे बायका म्हणतात, ‘थोडक्यात निभावलं.’ थोडक्यात निभावलेली प्रत्येक गोष्ट ही फुकट मिळालेली सूचना असते. कुणी मेलेलं नाही, कुणी रडत नाही, कोर्टकचेरी नाही. शिकायला यापेक्षा चांगली वेळ कुठली? आणि आपली सगळी यंत्रणा अशी बांधलेली आहे की ही सूचना कागदावर येताच कामा नये. जो लिहील त्याला मेमो. मग लिहील कोण?

कायद्याकडेही बघा. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना झालं तर दोन वर्षांपर्यंत. डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरलं म्हणून ही सवलत आली. ठीक आहे. पण ‘नोंदणीकृत डॉक्टर’ची व्याख्या वाचा. त्यात परिचारिका बसत नाही. एकाच टेबलाशी उभी असलेली दोन माणसं, एकच चूक. डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि सिस्टरला जास्तीत जास्त पाच. आणि अपेक्षा कुणाकडून? की सिस्टरने पुढे येऊन सगळं खरं सांगावं!

इथे काही जण म्हणतील, म्हणजे तुम्ही दोषींना सोडून द्या म्हणताय. अजिबात नाही. ज्याचं लेकरू गेलंय त्याला कुणी ‘सिस्टीमची चूक’ असं गुळमुळीत सांगू नये. दारू पिऊन ड्युटीवर आला, पैसे खाऊन भिकार माल खरेदी केला, नंतर केसपेपर बदलले, अशाला जेलच पाहिजे. फरक करायचाय तो चूक आणि गुन्हा यांच्यात. थकलेल्या माणसाचा हात चुकणं ही चूक. ती लपवणं हा गुन्हा. आपल्याकडे दोन्हींना सारखीच शिक्षा होते, म्हणून लपवणंच परवडतं.

आणि खरी चौकशी झाली की काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलंय. १९८६ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल नावाचं विषारी रसायन होतं. मूत्रपिंडं निकामी झाली. हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. सुनावण्या उघड झाल्या. पेपरांत रोज छापून यायचं. औषध कुणी पुरवलं, टेंडर कसं निघालं, एफडीएमध्ये काय चालतं, मंत्र्यांच्या बंगल्यापर्यंत धागे कसे जातात, सगळं साक्षीत आलं. १९८८ मध्ये अहवाल बाहेर आला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. ती चौकशी रात्रपाळीच्या नर्सपाशी थांबली नव्हती. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या चढली होती.

पण एक चांगली चौकशी पुरत नाही, हेही त्याच विषाने आपल्याला शिकवलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने २० पेक्षा जास्त लहान मुलं गेली. बरीचशी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या सिरपमध्ये काय निघालं? तेच, डायएथिलीन ग्लायकोल. औषधाच्या जवळपास निम्मं. जे. जे. ला ३९ वर्षं झाली होती.

यातली तारखांची गोष्ट नीट बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून लेकरं लघवी बंद होऊन दगावत होती. तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने कारखान्यात जाऊन नमुना घेतला, तपासला आणि विष असल्याचं सांगितलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मधला महिना गेला. एका डॉक्टरकडे एक मूल, दुसऱ्याकडे दुसरं, नागपूरच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत आणखी काही. प्रत्येकाला आपल्यापुरता एक वाईट योगायोग दिसत होता. सगळे ठिपके एकाच कागदावर पहिल्याच आठवड्यात आले असते तर? नोंद कशासाठी करायची, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही. एकट्या नोंदीला अर्थ नसतो. दहा नोंदी शेजारी ठेवल्या की त्या बोलायला लागतात.

आणि यंत्रणा नाही असंही नाही, बरं का. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. टोल-फ्री नंबर आहे : १८००-१८०-३०२४. डॉक्टर, नर्स, मेडिकलवाला, अगदी पेशंटचा नातेवाईकसुद्धा त्यावर कळवू शकतो. रक्त चढवताना काही झालं तर त्यासाठी वेगळी नोंद आहे, वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळी, लसीसाठी वेगळी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०१८ ते २०२५ असा. मुदत संपलीसुद्धा. तुमच्या तालुक्यात किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर तो टोल-फ्री नंबर लिहिलाय का? उद्या गेलात तर बघा.

बाहेर कसं चालतं तेही थोडक्यात सांगतो, कारण ‘हे शक्य नाही’ असं म्हणणारे लगेच येतील.

इंग्लंडमध्ये २००१ साली नॉटिंगहॅमला एका तरुण कॅन्सर पेशंटला शिरेतून द्यायचं व्हिनक्रिस्टीन हे औषध चुकून कण्यात दिलं गेलं. तो गेला. डॉक्टरला शिक्षा झाली. आपल्याकडे विषय इथे संपला असता. पण चौकशीत दिसलं की हीच चूक आधीही झाली होती, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. म्हणजे माणूस बदलून भागत नव्हतं. मग काय केलं? हे औषध सिरिंजमधून देणं बंद करायचं आणि सलाइनसारख्या छोट्या पिशवीतून द्यायचं असं ठरवलं. पिशवी कुणी कण्यात लावायला जात नाही. चूक करायची वाटच बंद केली.

तिथेही सगळं गोड आहे असं नाही. स्टॅफर्डशायरमधल्या एका हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं पेशंटचे हाल झाले. नातेवाइकांनी, त्यातही घरच्या बायांनी, नेट लावला म्हणून सार्वजनिक चौकशी झाली आणि २०१३ ला अहवाल आला. त्यानंतर २०१४ मध्ये कायद्यानेच बंधन घातलं की गंभीर इजा झाली तर हॉस्पिटलने पेशंटला किंवा घरच्यांना स्वतःहून खरं सांगायचं, माफी मागायची आणि लेखी द्यायचं. २०१७ पासून अशा घटनांच्या तपासासाठी स्वतंत्र संस्था काम करू लागली, आणि २०२३ पासून ती कायद्याने स्वायत्त आहे. ती दोष ठरवत नाही. तिच्यासमोर कर्मचाऱ्याने जे सांगितलं त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आणखी एक मजेशीर गोष्ट : त्यांच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक गंभीर घटनेचा अहवाल ६० कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागायचा. झालं काय, की मुदत पाळायची म्हणून अहवालांचा रतीब सुरू झाला आणि शिकणं राहिलं बाजूला. म्हणून २०२२ मध्ये त्यांनी ती पद्धतच बदलायला घेतली. कागद भरणं म्हणजे चौकशी नव्हे, हे त्यांनाही ठेच लागूनच कळलं.

बरं, परदेश सोडा. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, २६० माणसं गेली. महिनाभरात प्राथमिक अहवाल लोकांसमोर होता. कुठल्या सेकंदाला काय झालं ते त्यात होतं. त्यावरून वाद झाले, होऊ द्या. वाद घालायला कागद तरी हातात होता. विमान अपघाताच्या तपासाचं सूत्रच असं आहे की पुढचा अपघात टाळायचा; दोष ठरवायला पोलीस आणि कोर्ट वेगळे आहेत. विमानात बसणाऱ्याच्या जिवाला जी किंमत आहे, ती सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्ड नंबर चारमधल्या पेशंटच्या जिवाला का नाही?

आणि आरोग्यखात्यातच याचा नमुना आहे. बाळंतपणात बाई गेली की प्रत्येक जिल्ह्यात त्या मृत्यूची समीक्षा व्हायलाच पाहिजे, असा नियम आहे. त्याचं ब्रीद काय? कुणाचं नाव नको, कुणाला दोष नको. बाई घरून कधी निघाली, गाडी कधी मिळाली, पहिल्या दवाखान्यात किती वेळ गेला, रक्त होतं का, असा सगळा प्रवास मांडायचा. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून हे काम गुप्तता पाळून, मन लावून केलं. डॉक्टर स्वतःहून कागद पाठवतात, कारण नाव फुटणार नाही याची खात्री आहे. त्यातून बायका कशाने मरतात ते कळलं, आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा रोखायचा याचे ठरलेले नियम आले. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच डॉक्टरांनी करून दाखवलंय. मग हीच पद्धत आयसीयूतल्या आगीला, चुकीच्या इंजेक्शनला, चुकीच्या रक्ताच्या पिशवीला का लागू होत नाही?

आमच्या पत्रकारितेबद्दलही बोललं पाहिजे. ‘डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा बळी’ हा मथळा पोस्टमॉर्टेम व्हायच्या आधी लागतो. काचा फुटल्याचा व्हिडिओ जितका चालतो तितकी सहा महिन्यांनी केलेली ‘अहवालाचं काय झालं’ ही बातमी चालत नाही. हे खरं आहे. पण नाशिकच्या ऑक्सिजन टाकीचा अहवाल वाचून आपल्या गावातल्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणी तपासला का, हा प्रश्न स्थानिक पत्रकाराने विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? मुंबईचे चॅनेलवाले ओबी व्हॅन घेऊन परत गेलेले असतात. आपण इथेच असतो.

तर मागणी काय, ते मुद्द्यांत सांगतो.

१) प्रत्येक रुग्णालयात, सरकारी असो की खासगी, चुकांची आणि ‘थोडक्यात निभावलं’ अशा घटनांची नोंद झाली पाहिजे. नाव न देता नोंद करता आली पाहिजे. आणि नोंद केली म्हणून मेमो दिला, तर मेमो देणाऱ्यावर कारवाई. एनएबीएचं मानांकन घेणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलांना हे करावंच लागतं. मग जिल्हा रुग्णालयाला का नको?

२) गंभीर घटनेची चौकशी त्याच खात्याच्या वरिष्ठाने करायची नाही. ज्याच्या सहीने निधी अडला, तोच चौकशी समितीचा अध्यक्ष, हे बंद. बाहेरचा तज्ज्ञ, एक अनुभवी परिचारिका, एक इंजिनिअर आणि रुग्णांच्या बाजूचा एक माणूस, एवढं तरी असावं.

३) घरच्यांना आधी सांगायचं. टीव्हीवरून कळायला नको. काय झालं, आम्हाला आत्ता काय माहीत आहे, उरलेलं कधी सांगू, हे लेखी आणि मराठीत.

४) अहवाल पेशंटची आणि कर्मचाऱ्यांची नावं झाकून जाहीर करायचा. प्रत्येक शिफारशीपुढे तीन रकाने : कोण करणार, पैसे कुठून, कधीपर्यंत. आणि तो राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला पाठवायचा. भंडाऱ्याचा धडा नगरला पोचला पाहिजे, तोही कारवाईच्या बातमीच्या रूपात नको, दुरुस्तीच्या यादीच्या रूपात हवा.

५) पोलीस तपास आणि सुरक्षेचा तपास वेगळे ठेवायचे. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलीस आहेतच. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलंय की उपचारातल्या प्रत्येक चुकीला फौजदारी निष्काळजीपणा म्हणता येत नाही, आणि कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. तो निकाल डॉक्टरांपुरता वापरला जातो. तेच संरक्षण परिचारिकेला, टेक्निशियनला, वॉर्डबॉयला मिळायला हवं.

हे सगळं उद्या होणार नाही, माहीत आहे. पण तोवर आपण काही गोष्टी करू शकतो.

घरचं कुणी ॲडमिट असेल आणि काही विपरीत घडलं, तर आधी केसपेपरची प्रत मागा, लेखी अर्ज करून. नियमाने डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. काचा फोडल्या की पहिला फायदा लपवणाऱ्याचा होतो, कारण मग विषय मारहाणीचा होतो आणि तुमच्या माणसाचं काय झालं ते मागे पडतं.

आणि ज्यांना जमेल त्यांनी माहिती अधिकारात एक साधा अर्ज टाका. तुमच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाला चारच प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत किती गंभीर घटनांची नोंद झाली? किती चौकशा पूर्ण झाल्या? त्यांच्या अहवालांच्या प्रती द्या. शेवटच्या फायर ऑडिटमध्ये किती त्रुटी निघाल्या आणि त्यातल्या किती दूर झाल्या? ‘तपास चालू असल्याने माहिती देता येत नाही’ असं कलम ८ चं उत्तर आलं, तर अपिलात जा. माहिती दिल्याने तपासाला नेमका कसा अडथळा येतो, ते दाखवायची जबाबदारी त्यांची आहे. आणि ‘नोंद निरंक’ असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. शंभर खाटांच्या दवाखान्यात तीन वर्षांत एकही चूक झाली नाही, याचा अर्थ एकच : तिथे कुणी लिहीत नाही.

मीही आमच्या जिल्ह्याचा अर्ज टाकतोय. उत्तर येईल तसं इथेच टाकेन. तुमच्याकडे आलेलं उत्तर कमेंटमध्ये टाका, तालुक्याचं नाव लिहून. आणि कुणी सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन हे वाचत असतील, तर त्यांनी नाव-गाव न देता इनबॉक्सला लिहिलं तरी चालेल. तुमचं नाव माझ्याकडून बाहेर जाणार नाही.